चार बोटं कमी

दामाजी दोरी मापायला बसला की सगुणा त्याच्याकडे पाठ करून काहीतरी काम काढायची. मग तांदूळ निवडलेले असले तरी पुन्हा निवडायची. ओट्यावर बसून दामाजी दोरीचं टोक उजव्या चिमटीत धरायचा, छातीवरून दोरी नेत डावा हात लांब करायचा आणि तोंडाने म्हणायचा, "एक वाव." दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत होतो तो वाव. जाळ्याची दोरी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या वावानेच मापायची, ही रीत दामाजीच्या आज्यापासून चालत आलेली होती, आणि ती मोडायचं कारण कुणाला पडलं नव्हतं.

कारण होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी कोलशेतच्या बंदरावर रेतीचा बार्ज आणि होडी यांच्या मधोमध दामाजीचा डावा हात सापडला. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, दीड महिन्याने सोडल्या, आणि कोपर होता तसा वाकडा राहिला. तेव्हापासून तो हात सरळ म्हणून झाला नाही. दामाजी मात्र तो पूर्वीसारखाच पसरायचा, म्हणजे पसरला असं समजायचा, आणि त्याचा वाव दर खेपेला चार बोटं आखूड भरायचा. सगळ्या कोळीवाड्याला हे दिसत होतं. दामाजीला तेवढं दिसत नाही, असं सगुणा धरून चालली होती.

तो बंदरावर चहा प्यायला गेला की सगुणा आणि शकू मायलेकी दोरी उलगडायच्या. सगुणा दर वावाला चार बोटं वाढवून नवी खूण बांधायची आणि शकू टोक धरून उभी राहायची. पहिल्यांदा हे केलं तेव्हा शकू आठ वर्षांची होती. तिने विचारलं होतं, "बाबाला सांगत का नाय?" सगुणा म्हणाली होती, "तुझा बापूस हाय तो. गप धर." झालं, त्यावर पुन्हा चर्चा नाही. जाळं कधी आखूड पडलं नाही आणि घरात कधी भांडण झालं नाही. नवऱ्याचं मन राखण्यात सगुणाचा हात गावात कुणी धरला नसता.

ते एक्क्याण्णव साल. त्या हिवाळ्यात खाडीने मान टाकली होती. वरच्या अंगाला कारखाने वाढले होते, आणि ओहोटीला पाणी उकळलेल्या चहासारखं दिसायचं. दिवाळीत बोईट मासे पोट वर करून किनाऱ्याला लागले. गावच्या पोरांनी ते काठीने ढकलून परत खाडीत लोटले, दुसऱ्या भरतीला ते पुन्हा आले. दामाजी आणि शकू पहाटे होडी घालायचे, दोन तास जाळं ओढायचे, आणि वर यायचा तो फेस, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फार तर दोन मुठी कोलंबी. तिलाही रॉकेलचा वास. शकूच्या तळहातांना दोरीने घट्टे पडले होते आणि दंड एखाद्या गड्यासारखे झाले होते. सगुणा आता भाऊच्या धक्क्यावरून दुसऱ्यांनी धरलेली मासळी आणायची आणि ठाण्याच्या बाजारात फूटपाथवर बसून विकायची. कोळ्याच्या घरात विकतचं म्हावरं. याची लाज तिला होती, पण लाज पोटात घालून ती रोज टोपली उचलत होती.

शकूच्या त्या दंडांनीच तिचं नशीब काढलं होतं, निदान तसं वाटत होतं. नगरपालिकेच्या शाळेत सहदेव सर म्हणून कवायतीचे मास्तर होते, साताऱ्याकडचे. त्यांना धनुर्विद्येचं वेड. खोपटच्या मागे एका बंद कारखान्याच्या आवारात त्यांनी गवताच्या गाद्या उभ्या करून मैदान केलं होतं. सातवीतल्या शकूने त्यांच्या बांबूच्या धनुष्याची दोरी एका दमात कानापर्यंत ओढली, तेव्हापासून त्यांनी तिला सोडली नाही. आता ती अठरा वर्षांची होती. जिल्ह्यात तिच्या पुढे मुलगी नव्हती. पौषात डोंबिवलीला राज्याच्या कनिष्ठ संघाची चाचणी होती. चार मुली घेणार होते. संघातून खेळलेल्या पोरींना सरकारी नोकरीत खेळाडूंच्या जागेवर घेतात, हे सरांनी दामाजीला तीनदा समजावून सांगितलं होतं.

"पण बांबूचं धनुष्य तिथं चालायचं नाही, दामाजीराव," सर म्हणाले. "तीस मीटरवर ठीक आहे. सत्तर मीटरवर बाण पोचायला हवा, आणि रोज एकसारखा पोचायला हवा. बांबू सकाळी एक वागतो, उन्हात दुसरं वागतो."

"मंग आनू की दुसरा," दामाजी म्हणाला.

आणि त्याने आणलं. खरं सांगायचं तर या माणसाला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. त्याने घरातली मोठी डोल विकली. डोल म्हणजे खाडीच्या ओढीला तोंड करून बांधायचं भलं मोठं जाळं, बापाच्या वेळचं. उत्तनचे लोक टेम्पो घेऊन आले आणि गुंडाळून घेऊन गेले. सगुणा रडली. दामाजी म्हणाला, "डोलीत कचरा गावतंय. पोरीला तरी कायतरी गावूंदे." आणि पैसे पत्र्याच्या डब्यात ठेवून दिले.

सरांनी कागदावर लिहून दिलं. धनुष्य, लाकडी, जोडणीचं, चौतीस पौंड ओढीचं. बाण आठ, ॲल्युमिनियमचे. बोटांना लावायचं चामडं, हाताला बांधायचं चामडं. बाणांपुढे त्यांनी दोन रेघा ओढून लिहिलं होतं, मुलीचे दोन्ही हात पसरून माप घ्यावे. वर तोंडानेही सांगितलं, "शकूला बरोबर न्याच. धनुष्य उन्नीस-बीस चालेल, बाण माणसाच्या अंगाचा लागतो. लांब असला तर कापता येतो, आखूड झाला तर मात्र संपलं."

शकू जाणार होतीच. शुक्रवारी सकाळी सगुणाला हिवताप भरला. दोन गोधड्यांखाली ती लटलटत होती आणि तरी पाय खाली सोडत होती, कारण बाजारातली जागा. फूटपाथवर दोन दिवस बसलं नाही की तिसऱ्या दिवशी तिथे दुसरीची टोपली. गेल्या महिन्यात रखमाबाईची जागा अशीच गेली होती.

"तू निज, आये. मी बसतंय बाजारात," शकू म्हणाली. "धनुष्य सोमवारी आनू."

"सोमवारी कशाला?" दामाजीने टोपी घातली होती. "दहा-बारा दिस तं ऱ्हायलेत. मी आनतंय. लिवलंय ना कागदावर सगलं."

"बाणाचं माप द्यावा लागल बाबा. थांबा." शकूने खुंटीवरची सुतळी काढली, टोक सगुणाच्या हातात दिलं आणि हात पसरले.

"ती सुतली ठेव," दामाजी म्हणाला.

"पन सरांनी—"

"वाव मना शिकवतंस? चालीस वर्सं वाव मापतंय मी. मना माज्या पोरीचं माप ठाव नाय?"

शकूने आईकडे पाहिलं. सगुणाने सुतळीचं टोक सोडून दिलं. तापाने तिचे डोळे लाल झाले होते. ती एवढंच म्हणाली, "दुकानात टेप असंल. त्यांना बरोबर कलंल." आणि भिंतीकडे तोंड करून पडली. शकूने सुतळी गुंडाळून खुंटीला लावली. अकरा वर्षांची सवय एका सकाळी मोडायचं बळ दोघींकडेही नव्हतं.

धोबीतलावच्या त्या दुकानात काचेची कपाटं होती. बॅट, कप, रॅकेटी. दामाजी इस्त्रीचा सदरा घालून गेला होता, पण चपलेच्या कडेला खाडीचा चिखल वाळून बसला होता, आणि आत शिरल्यावर पहिलं लक्ष त्याचंच तिकडे गेलं. काउंटरवरच्या तरुण विक्रेत्याने कागद वाचला आणि दोन धनुष्यं समोर ठेवली. एक अठ्ठावीस पौंडांचं, एक चौतीसचं.

"लडकीसाठी चौतीस? बहुत होईल काका. अठ्ठाईस घ्या."

"माझी पोर होरी वढते, जालं वढते," दामाजी म्हणाला. "चौतीस."

विक्रेत्याने चौतीसचं जोडून दोरी चढवली आणि त्याच्या हातात दिलं. "बघा ओढून. वजन कसं वाटतं ते."

दामाजीने डाव्या हातात धनुष्य धरलं, उजव्या हाताने दोरी ओढली. दोरी निम्म्यावर आली आणि डावा कोपर होता तिथेच राहिला. शेजारी बॅट बघायला आलेले बापलेक वळून पाहायला लागले.

"हात सरळ करा काका."

"सरलच हाय तो."

विक्रेत्याने हात लावून कोपर हलकेच दाबला, सरळ होतो का ते बघायला. तो काही झाला नाही. पोरगा चांगला होता, हसला वगैरे नाही. पण 'ओह, सॉरी' म्हणाला, आणि धनुष्य काढून घेतलं, ते हसण्याहून जास्त लागलं.

"बाणाचं माप आणलंय? नाही? मग मुलीला घेऊन या ना. किंवा फोन करून विचारा."

"आमच्याकडं फोन नाय. माझं माप घ्या," दामाजी म्हणाला, आणि दुकानाच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला.

विक्रेत्याने पाठीमागून टेप लावला. एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत, मधल्या वळणासकट. आकडा बघून त्याने दामाजीकडे पाहिलं. "मुलगी तुमच्याएवढी आहे?"

दामाजीने बॅटींच्या कपाटाकडे पाहिलं. ते बापलेक अजून तिथेच होते.

"चार बोटं कमी धर," तो म्हणाला. "बाईमानूस हाय."

"थोडे लांब ठेवू का? नंतर कापता येतील."

"माप म्हंजे माप. काप."

आतल्या खोलीत चक्री घरघरली. आठ बाण कापून, पुढे लोखंडी टोकं चिकटवून, कागदात गुंडाळून विक्रेत्याने आणून दिले. दामाजीने ते पिशवीत उभे ठेवले आणि ठाण्यापर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

शनिवारी सकाळी सगुणाचा ताप उतरला होता. ती बाजारात गेली, आणि शकू बापाबरोबर मैदानावर आली. धनुष्य पाहून सहदेव सरांचा चेहरा उजळला. त्यांनी ते जोडलं, दोरी चढवली, हाताने दोरीवर टिचकी मारून आवाज ऐकला. "छान आणलंत, दामाजीराव. एकदम योग्य." दामाजी मिशीतल्या मिशीत हसला.

शकूने चामडी बांधली. बाण लावला. धनुष्य उचललं, आणि जशी रोज ओढायची तशी दोरी हनुवटीपर्यंत आणली.

"सोडू नकोस!" सर ओरडले. "सोडू नकोस, तसंच धर. आता हळूच, हळूच पुढे."

बाणाचं टोक धनुष्यावरच्या टेकायच्या जागेवरून मागे घसरलं होतं आणि शकूच्या अंगठ्याच्या बुडाशी आलं होतं. दोरी सुटली असती तर बाण हातातून आरपार गेला असता. शकूने दोरी हळूहळू पुढे आणली. सरांनी एक बाण घेतला, तिच्या छातीच्या मध्यावर टेकवला आणि तिला दोन्ही हात पुढे करायला लावले. बाण तिच्या मनगटाच्या थोडा पुढे जाऊन संपला. तो बोटांच्या पुढे निघायला हवा होता.

"हे माप कोणी दिलं?"

शकू जमिनीकडे बघत राहिली.

"मी बरोबर दिलंय," दामाजी म्हणाला. "त्यानं आखूर कापलं. तो पोऱ्या पयल्यापासना मना हिनवत होता. चोर साला."

सरांनी त्याच्या हाताकडे एकदा पाहिलं. काय ते त्यांना कळलं असावं, पण तेही साताऱ्याचे सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "कापलेले बाण वाढत नाहीत. सोमवारी पिशवी घेऊन दुकानात जा. सांगा, चाचणी तोंडावर आहे, बदलून द्या, नाहीतर चार तरी नवे द्या. मी चिठ्ठी देतो. मला शाळेच्या परीक्षा आहेत, नाहीतर मीच गेलो असतो."

"दुसऱ्या पोरींचे मागून मिळतील?" शकूने विचारलं.

"कोण देईल? ज्यांचे आहेत त्यांना त्याच दिवशी मारायचे आहेत."

सोमवारी दामाजी सकाळी गेला आणि दिवेलागणीला परत आला. पिशवी दारात ठेवली. "नाय म्हनतंय. कापलेला माल घेत नाय. नवीन बान एक तारकेला येतील, म्हनं."  शकू पिशवीतून बाण काढून पुसत बसली. एक तारखेच्या आधी चार दिवस चाचणी होती.

मग जे होतं त्यावर भागवायचं ठरलं. सरांनी मैदानावर डोकं खाजवून युक्ती काढली. दोरी हनुवटीपर्यंत तर यायलाच हवी, नाहीतर नेम धरायचा कशावर. मग धनुष्याचा हात पुढे आखूड करायचा. कोपर वाकवून धरायचा, म्हणजे ओढ कमी होईल आणि बाणाचं टोक जागेवर राहील. "असं शिकवायची मला लाज वाटते," सर म्हणाले. "पण बघू."

शकूने डावा कोपर वाकवला. दामाजी कडेला गवतावर बसून पाहत होता. बसल्या बसल्या तो दुकानदाराला शिव्या देत होता. लेकीच्या हाताला कोपरात जो कोन आला होता तो कुठे पाहिल्यासारखा वाटतो, हे मैदानावरच्या सगळ्यांना वाटत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं.

वाकवलेला हात थरथरतो. सरळ हाताला हाडाचा आधार असतो, वाकड्याला नुसतं मांस तोलून धरतं. शिवाय वाकड्या कोपरावर दोरी येऊन बसते. चामड्याची पट्टी मनगटाकडे. दोरीचा फटका तिच्या वर, कोपराच्या आतल्या बाजूला. पहिल्या दिवशी तिथे लाल वळ उठला, तिसऱ्या दिवशी जांभळा, सहाव्या दिवशी काळा. पहाटे होडीत जाळं ओढायचं, आईची टोपली बसपर्यंत वाहायची, आणि दुपारी मैदानावर शंभर बाण. सगुणा हळद आणि खोबरेल गरम करून लावायची.

"दुखतंय?"

"दुखनारच ना."

"तो मेला दुकानवाला," सगुणा म्हणाली.

शकूने तेलाच्या वाटीतून नजर उचलली. "आये, तू पन?"

सगुणाने वाटीतलं उरलेलं तेल वळावर चोळलं. बाहेर ओट्यावर दामाजी लहान जाळ्याची दोरी मापत होता. एक वाव, दोन वाव. आवाज नेहमीसारखा खणखणीत होता.

चाचणी दोन दिवस होती. खोपटहून एसटीने कल्याण आणि पुढे डोंबिवली, कारण धनुष्याची लांब पेटी लोकल गाडीच्या गर्दीत मोडली असती. राज्यातल्या बावीस मुली आल्या होत्या. काहींच्या धनुष्यांना पुढे दांडे, वर काचा, बाणांना रंगीत पिसं. शकूच्या वाकड्या हाताकडे बघून नागपूरची एक मुलगी मैत्रिणीच्या कानात काहीतरी बोलली. शकूने ते पाहिलं आणि बाण लावला.

पहिल्या दिवशी सत्तर आणि साठ मीटर. आखूड ओढीला जोर नव्हता. धनुष्य इतकं वर धरावं लागायचं की नेमाच्या जागी नुसतं आभाळ दिसायचं. संध्याकाळी फळ्यावर तिचं नाव अकरावं होतं. सर म्हणाले, "वाईट नाही." दामाजी म्हणाला, "त्या चोराला मी सोरनार नाय."

दुसऱ्या दिवशी पन्नास मीटरवर ती आठवी आली. तीस मीटरवर मात्र तिच्यात काहीतरी शिरलं. इथे जोराचं काम नव्हतं, हाताला सवय हवी, आणि आठ दिवसांत हाताने वाकडी का होईना सवय लावून घेतली होती. नऊ, आठ, नऊ. दहा, नऊ, आठ. कोपराचा आतला भाग सुजून गरम झाला होता, आणि प्रत्येक बाणाला तिथेच फटका बसत होता.  सरांनी वहीत बेरीज केली आणि वही दामाजीसमोर धरली. शेवटचे तीन बाण राहिले होते, आणि शकू चौथ्या नंबरच्या मुलीच्या पाच गुणांनी मागे होती. त्या मुलीचे शेवटचे तीन बाण आत्ताच मारून झाले होते, ते या बेरजेत धरले नव्हते. तिला एकवीस पडले होते.

"सव्वीसच्या वर काढले की झालं," सर कुजबुजले. "काढील ती. काढील."

पहिला बाण नऊ. दुसरा दहा.

तिसरा बाण तिने लावला, धनुष्य उचललं, दोरी ओढली. तेव्हा तिचा हात थकला आणि त्याने आपल्या मनाने वागायचं ठरवलं. सहा वर्षं जो हात सरळ राहायला शिकला होता तो आपसूक सरळ झाला. बाणाचं टोक जागेवरून घसरून आत आलं आणि अंगठ्याच्या बुडाला टेकलं. सर उभे राहिले. शकू तशीच थांबली. दोरी हनुवटीला, लोखंड कातडीला टोचतंय. मग तिने श्वास सोडत दोरी हळूहळू पुढे आणली. धनुष्य खाली घेतलं. बाण पुन्हा जागेवर ठेवला. पुन्हा उचललं. कोपर वाकवला. हात इतका हलत होता की पिवळं वर्तुळ दिसेना. ती एक क्षण थांबली, हात स्थिर व्हावा म्हणून.

शिट्टी वाजली.

तीन बाणांना ठरलेली वेळ संपली होती. वेळ संपल्यावर बाण सोडला तर त्या तिनांतल्या मोठ्यात मोठ्या बाणाचे गुण जातात. तिने तो सोडला नाही. काढून भात्यात ठेवला. फळ्यावर नाव आलं पाचव्या जागी. चौघी घेतल्या.

सर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी अर्ज करताना कनिष्ठ वय उलटून मोठ्या मुलींत जावं लागेल, तिथे बावीसच्या जागी साठ जणी असतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. सर डोंबिवलीलाच बहिणीकडे थांबले. बापलेक परत निघाले.

एसटीत दामाजीने खिडकीशी बसून तोंड उघडलं ते बंद केलं नाही. उद्याच्या उद्या धोबीतलावला जातो, त्या पोऱ्याची गचांडी धरतो, मालकाला बोलावतो, पोरीचं नुकसान भरून मागतो. पुढच्या बाकावरचे दोघे वळून ऐकत होते. मुंब्रा गेलं, कळवा गेलं. शकू मांडीवरच्या पेटीवर हात ठेवून बसली होती. तिला रडू येत नव्हतं. अंग इतकं दमलं होतं की रडायलाही जोर लागला असता. तिला फक्त हा आवाज थांबायला हवा होता.

खोपटला उतरल्यावर कोलशेतच्या बसला वेळ होता. दामाजी म्हणाला, "सकालच्या गारीनं जातंव बग. त्यानं मुद्दाम आखूर कापलं—"

"त्यानं नाय कापलं आखूर," शकू म्हणाली. "तुमचा हात आखूर हाय, बाबा."

डेपोत एक गाडी मागे घेत होते. कंडक्टर मागून हात मारत होता. दामाजी ती गाडी पूर्ण लागेपर्यंत बघत राहिला.

"अकरा वर्सं आखूर हाय," शकू पुढे म्हणाली. एकदा निघालं ते आता थांबणार नव्हतं. "तुमी मापता ना दोरी, ती आय वाढवते. दर वावाला चार बोटं. मी टोक धरते. तुमाला वाईट वाटंल म्हनून कोन बोललं नाय. त्या दिशी पन मी सुतली घेतलेली. तुमी ठेव बोललात, मी ठेवली."

"मना ठाव हाय," दामाजी म्हणाला.

"काय?"

"सगुना वाढवते ते. पयल्या वर्सापासना ठाव हाय. मी बंदरावर जायाचो तो त्यासाठीच. तुमाला करायला मोकलं व्हावं म्हनून." तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता. "दुकानात चार बोटं जास्ती धर, असं तोंडावर आलेलं. लोकं बगत होती. तोंडातना कमी निंगालं."

 शकूने धनुष्याची पेटी या हातातून त्या हातात घेतली, कोपरातून कळ गेली म्हणून परत पहिल्या हातात घेतली.

"मंग सोमवारी? दुकानात काय बोललात?"

दामाजीने हनुवटीने पलीकडचं लाकडी बाकडं दाखवलं. तिथे एक बाई पोराला केळं भरवत होती. "तितं बसलेलो. दिसभर. दुकानात गेलोच नाय. एक तारीक मीच सांगितली. परत तितं जाऊन हात पसरायचा जीव झाला नाय माझा."

मग मात्र शकूला राग आला. इतका, की तो कुठे ठेवावा ते कळेना. तो गेला असता तर बाण मिळालेही असते. न मिळते, कोण जाणे. पण आठ दिवस हा माणूस गवतावर बसून तिचा वाकडा हात बघत होता, तिच्या कोपरावरचा वळ लाल होता तेव्हा, काळा झाला तेव्हा, आणि तोंडाने दुकानदाराला शिव्या देत होता. तिला ओरडायचं होतं. समोर बाप उभा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, एक हात सरळ आणि एक वाकडा लोंबत. तिला त्याची दया आली, आणि दया आल्याचाच जास्त राग आला. आता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

"माझी नोकरी होती ती, बाबा," ती म्हणाली.

"हां."

"तुमचा हात मोरला तवा मी सात वर्सांची होती. तवापासना तुमचा मान ठेवतात सगली. माझा कोन ठेवनार?"

 दामाजीने खिशातून रुमाल काढला, तिच्यापुढे धरला, तिने घेतला नाही, तो त्याने परत ठेवला. कोलशेतची बस फलाटाला लागली. माणसं दाराशी जमली. दामाजीने पेटी घ्यायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊंदे. मी घेतंय."

ती पुढे झाली. पायरीवर पाय ठेवताना मागून त्याचा आवाज आला.

"शकू. आयसला काय सांगशील?"

ती वळली. मागची माणसं 'चला, चला' करत होती.

"खरं सांगीन. तुमाला ठाव होतं ते पन, आनि बाकड्याचं पन."

दामाजीने मान हलवली. बसच्या दांड्याला धरायला त्याने डावा हात वर केला. तो पोचला नाही. तिथेच, सगळ्यांच्या देखत, त्याने तो खाली घेतला आणि उजव्या हाताने दांडा धरला.

"सांग," तो म्हणाला.